दोन खाटा, एकच विष: मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान कुठे वेगळे होतात

चोपडा तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकते. कुणीतरी तिला ठासून सांगितलं की अजून वीस वर्षांत सगळं मेंदूविज्ञानच होईल, मानसशास्त्र उरणार नाही. तेव्हापासून तिला पडलंय की या दोन शास्त्रांत नेमका फरक काय, आणि ती वेगळी झाली कधी. जोडीला घरचा एक प्रश्न. आजीला चार महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून लकवा गेला. ती आता ‘हां ना’ एवढंच बोलते, पण जात्यावरच्या ओव्या मात्र अख्ख्या म्हणते. काका म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. तिला न्यूरोकडे न्यायचं की मानसोपचारवाल्याकडे?

बेटा, तू हे दोन प्रश्न वेगवेगळे लिहिलेस, मला ते एकच वाटतात. आजीचं शेवटी सांगतो, कारण ते समजायला मधली गोष्ट लागेल. घाई असेल तर आधी शेवटचे परिच्छेद वाच आणि मग वर ये.

मी मनोविकारतज्ज्ञ. जळगाव जिल्ह्यात चोवीस वर्षं झाली. लोक मला ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हणतात, मेंदू आणि मज्जासंस्थेचे आजार पाहणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टला तेच म्हणतात आणि समुपदेशन करणाऱ्या ताईंनाही तेच. त्यामुळे चुकीच्या दारात तासन्‌तास बसलेली माणसं मी रोज पाहतो. तुझा प्रश्न पुस्तकी वाटला तरी आमच्याकडे तो बाकड्यावर बसलेला असतो.

व्याख्या सांगण्याऐवजी दोन खाटा दाखवतो. इंटर्नशिप एका सरकारी रुग्णालयात केली. कपाशीच्या फवारणीचे दिवस होते. एका रात्री दोन शेतकरी शेजारशेजारच्या खाटांवर आले. दोघांच्या तोंडातून लाळ, अंग घामाने चिंब, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आपल्याकडे शेतातल्या विषालाही औषध म्हणतात आणि दवाखान्यातल्या गोळीलाही औषधच. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणतं औषध?’ दोघांच्या नातेवाइकांनी एकाच जातीची बाटली पुढे केली. फरक एवढाच की पहिल्याने पहाटेपासून तोंडाला काही न बांधता वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून फवारणी केली होती, आणि दुसऱ्याने ते प्यायलं होतं.

चेतापेशी स्नायूंना, ग्रंथींना आणि एकमेकींना निरोप देताना ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात. निरोप पोचला की ते लगेच पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं विष त्या विकरालाच कुलूप लावतं. मग निरोप पुसलाच जात नाही, ग्रंथी पाझरत राहतात, श्वासाचे स्नायू दमून जातात. ॲट्रोपिन त्यातले बरेचसे निरोप पोचण्याची दारं अडवतं. दोघांना तेच ॲट्रोपिन लागलं, दोघांची छाती तेवढ्याच वेळा तपासली. त्या रात्री त्या दोन खाटांत काहीही फरक नव्हता.

तिसऱ्या दिवशी दोघं उठून बसले आणि चहा मागू लागले. तिथून रस्ते फुटले. पहिल्याला मास्क, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा समजावून घरी सोडलं. दुसऱ्याला घरी सोडणं धोक्याचं होतं. त्याची चार महिन्यांची गेलेली झोप, भावकीतली वाटणी, सोसायटीचं कर्ज आणि त्याहून जास्त ‘आता आपला कुणाला उपयोग नाही’ हा डोक्यात रुतलेला विचार, यांतलं काहीही त्याच्या रक्ताच्या रिपोर्टात नव्हतं. ते कळायला खाटेशेजारी स्टूल घेऊन बसावं लागलं. त्या वॉर्डात कुणाला तेवढा वेळ नव्हता. मी बसलो, आणि पुढे एम.डी.ला हाच विषय घेतला.

तर फरक असा. विष चेतापेशीत काय करतं हे मेंदूविज्ञान सांगतं. झाकण का उघडलं गेलं हे मानसशास्त्र विचारतं. मेंदूविज्ञानाचा पुरावा पेशी, वीज, रसायन आणि प्रतिमा. मानसशास्त्राचा पुरावा माणूस काय बोलतो, काय करतो, काय विसरतो, कशाला घाबरतो, किती वेळात उत्तर देतो. विषय एकच, पुरावा वेगळा.

लगेच एक सावधगिरी. ‘मेंदू म्हणजे यंत्र आणि मन म्हणजे आत्मा’ असं यातून ऐकू नकोस. दुसऱ्या खाटेवरच्या माणसाचा तो विचारही मेंदूतच चालला होता, आणि चार महिन्यांच्या जाग्रणाने त्याचा मेंदूही बदलला होता. संगणक आणि त्यातला प्रोग्राम ही उपमा सगळे देतात, मला ती पटत नाही. प्रोग्राम चालवून संगणकाच्या तारा बदलत नाहीत, इथे बदलतात. भुसावळची उपमा बरी. गाडी दोन तास का थांबली? शेडमधला फिटर इंजिनाचं सांगेल, कंट्रोलरूममधला माणूस पुढे अडकलेल्या मालगाडीचं सांगेल. दोघंही खरं बोलत असतात, आणि इंजिन ठणठणीत असतानाही गाडी दोन तास उभी राहू शकते.

आता इतिहास. तो आपल्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. ‘काळजाला लागलं’, ‘छातीत धस्स झालं’ असं आपण म्हणतो, आणि त्याच दमात ‘डोकं फिरलं’ही म्हणतो. मन छातीत की डोक्यात, हे आपल्या भाषेने ठरवलेलंच नाही. शास्त्रानेही फार उशिरा ठरवलं. ॲरिस्टॉटलच्या मते विचाराचं ठाणं हृदय होतं आणि मेंदू रक्त थंड करायला होता. त्याच्या आधीच, इसवीसनापूर्वी ४००च्या आसपास, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने लिहून ठेवलं होतं की फेफऱ्याला लोक दैवी रोग म्हणतात, पण त्यात दैवी काही नाही, त्याचं कारण मेंदूत आहे. आपल्याकडेही हीच ओढाताण. चरक चेतनेचं स्थान हृदय मानतो, भेलसंहिता मनाची जागा डोकं आणि टाळू यांच्यामध्ये सांगते. आणि आजही फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. (फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते, श्रेय चपलेला मिळतं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा.)

‘नस’ हा शब्दही बघ. ‘नस दबली’ म्हणजे चेतातंतू, ‘नस चढली’ म्हणजे स्नायू, ‘नस कापली’ म्हणजे रक्तवाहिनी. एक शब्द, तीन वस्तू. आपल्याला अडाणी समजू नकोस, ग्रीकांचंही तेच होतं. ‘न्यूरो’ ज्यावरून आला तो ‘न्यूरॉन’ हा ग्रीक शब्द मुळात स्नायूबंधाचा, दोरीचा. लंडनमध्ये स्थायिक होण्याआधी ऑक्सफर्डला असलेल्या थॉमस विलिस या वैद्याने १६६४ साली मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि ‘न्यूरॉलॉजी’ला नाव दिलं. १७९१ साली गॅल्वानीने बेडकाच्या पायात विजेचा खेळ दाखवला. तोपर्यंतचा हिशोब एवढाच.

खरी मजा एकोणिसाव्या शतकात आहे, आणि तुझ्या प्रश्नाचा गाभाही तिथेच. योहानेस म्यूलर हा जर्मनीतला बडा शरीरशास्त्रज्ञ म्हणायचा की चेतातंतूतून निरोप इतक्या झपाट्याने जातो की त्याचा वेग मोजणं माणसाला जमणार नाही. त्याच्याच शिष्याने, हर्मन हेल्महोल्ट्झने, १८५० साली बेडकाच्या तंतूवर तो मोजून दाखवला. निघाला सेकंदाला साधारण ३० मीटर, म्हणजे महामार्गावर जोरात पळणाऱ्या चारचाकीएवढा. या एका आकड्याने काय केलं बघ. निरोपाला वेळ लागतो, म्हणजे वाटण्याला आणि ठरवण्यालाही वेळ लागतो, आणि जे वेळ घेतं ते घड्याळाने मोजता येतं. १८६० साली फेख्नरने उजेड किंवा वजन किती वाढवलं म्हणजे माणसाला ‘वाढलं’ असं वाटतं, याचं गणित मांडलं. आणि हेल्महोल्ट्झच्याच हाताखाली काम केलेला विल्हेल्म वुंट, शिक्षणाने डॉक्टर, याने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा उघडली. मानसशास्त्राचा जन्म तिथला म्हणून तू परीक्षेत लिहितेस. पण त्याआधी पाच वर्षं वुंटने जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ‘शरीरक्रियात्मक मानसशास्त्र’ असे शब्द होते. म्हणजे आज जी दोन शास्त्रं वेगवेगळ्या इमारतींत बसतात, ती एकाच घरात, एकाच चुलीवर वाढली.

त्याच काळात दुसरीकडे रुग्णांकडून पुरावे येत होते. १८६१ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण पॉल ब्रोकाच्या हाती आला. एक्कावन्न वर्षांचा, एकवीस वर्षं तिथेच. काही विचारलं की तो फक्त ‘तां, तां’ म्हणायचा. समजायचं सगळं, बोलता यायचं नाही. पण फार चिडला की त्याच्या तोंडून एक अख्खी शिवी स्वच्छ बाहेर पडायची. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला कपाळामागचा भाग खराब झालेला. पुढे १८७४ साली सव्वीस वर्षांच्या वेर्निकेने उलटे रुग्ण मांडले: घडाघडा बोलणारे, पण अर्थ नसलेलं, आणि समोरच्याचं न समजणारे. तुझ्या आजीची आठवण झाली ना? येतो त्याच्याकडे.

त्याआधीचा, १८४८चा, फिनियस गेज तुझ्या पुस्तकात असेलच. अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना सहा किलोची लोखंडी पहार गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर गेली आणि तो जगला. पण त्याचे मित्र म्हणू लागले की हा आता गेज राहिला नाही. हे वाक्य मला नुसतं पुस्तकातलं वाटायचं, एक बाई तिच्या मुलाला घेऊन येईपर्यंत. हिशोबाला पक्का असलेला पोरगा, हेल्मेटशिवाय मोटारसायकलवरून पडला, कपाळाला मार. हातपाय नीट, बोलणं नीट. पण घरातल्या बायकांसमोर वाट्टेल ते बोलायचा, पैसे उधळायचा, आणि त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. आई म्हणाली, ‘डाक्टरसाहेब, हाऊ मन्हा पोऱ्या नही शे.’ तिने गेजचं नावही ऐकलेलं नव्हतं.

गेजबद्दल एक गोष्ट मात्र पुस्तकं गाळतात. तो नंतर चिलीत जाऊन काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. वेळापत्रक, उतारू, वळणाचे रस्ते, सगळं सांभाळून. म्हणजे तो बराच सावरला असणार. ठरलेला दिनक्रम आणि नेमून दिलेलं काम माणसाला सावरतं, हे मी त्या पोराच्या बाबतीतही पाहिलं. पहार कुठून गेली हे मेंदूविज्ञान सांगेल, गाडी हाकून माणूस कसा सावरला हे सांगायला दुसरं शास्त्र लागतं.

मेंदू पेशींचा बनलाय हेसुद्धा भांडणातून ठरलं. इटलीच्या गोल्जीने १८७३ साली चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवायची युक्ती काढली. तीच वापरून स्पेनच्या काहालने दाखवलं की चेतापेशी सुट्या सुट्या असतात. गोल्जीचं म्हणणं, छे, हे अखंड जाळं आहे. १९०६चं नोबेल दोघांना मिळून दिलं, आणि गोल्जीने त्याच व्यासपीठावर काहालचं मत चुकीचं म्हणून भाषण ठोकलं. गोल्जी चुकला होता. मला हा प्रसंग आवडतो, कारण युक्ती त्याची आणि उत्तर शत्रूचं.

मग फाटलं कुठे? माझ्या मते एका टेबलावर, १८९५ साली, व्हिएन्नात. सिग्मंड फ्रॉइड मूळचा मेंदू आणि मज्जासंस्थेचा डॉक्टर. १८९१ साली वाचा जाण्याच्या विकारावर त्याने पुस्तक लिहिलं होतं. पॅरिसला शार्को या नामांकित न्यूरॉलॉजिस्टकडे त्याने असे रुग्ण पाहिले की हात लुळा, पण नस शाबूत. १८९५ साली त्याने मनाचं सगळं कामकाज चेतापेशींच्या भाषेत मांडायचा आराखडा लिहायला घेतला. जमेना. कारण पेशी निरोप कसा देते हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्याने तो आराखडा बाजूला टाकला, तो छापला गेला थेट १९५० साली, त्याच्या मरणानंतर. पुढचं आयुष्य त्याने कोचावर झोपलेल्या माणसाचं ऐकण्यात घालवलं. म्हणजे वाटा वेगळ्या झाल्या त्या तत्त्वावरून नव्हेत. अवजार पोचत नव्हतं म्हणून झाल्या.

तसा लुळा हात मीही पाहतो. लग्न ठरलेली मुलगी, एका सकाळी हात उचलेना. दोन एमआरआय झाले, दोन्ही स्वच्छ. घरचे म्हणू लागले, नाटक करते. नाटक नसतं ते. हात खरंच उचलत नाही, पण बिघाड तारेत नाही, तार वापरण्यात आहे. अशा वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’ हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की मला राग येतो. रिपोर्ट नॉर्मल आहे हे खरं, काही झालेलं नाही हे खोटं.

इकडे भारतात १९१६ साल गमतीचं आहे. कोलकाता विद्यापीठात त्या वर्षी मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तत्त्वज्ञानाचं बोट सोडून. आणि तुझ्या शेजारच्या अमळनेरला त्याच वर्षी प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, जिथे साने गुरुजीही शिकायला होते. तिकडे मन घड्याळाने मोजायला सुरुवात झाली, इकडे तापीच्या या काठावर मन म्हणजे काय यावर वाद झडत होते. १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. ते फ्रॉइडशी पत्रव्यवहार करत आणि पटलं नाही तिथे तसं कळवत.

वेगळं झाल्यावर दोघांनी आपापल्या वाटेने खूप मिळवलं, आणि खूप नुकसानही केलं. अमेरिकेत १९१३ साली वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने जाहीर केलं की मनाचं नाव काढू नका, बाहेरून दिसतं ते वागणंच फक्त शास्त्र. पुढे कित्येक दशकं मानसशास्त्राने मेंदूकडे बंद पेटीसारखं पाहिलं. दुसरीकडे ऑटो ल्योवीने १९२१ साली स्वप्नात सुचलेला प्रयोग पहाटे प्रयोगशाळेत धावत जाऊन केला. एका बेडकाच्या हृदयाची नस चेतवून ते मंद केलं, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर टाकला, तेही मंद झालं. निरोप रसायनातून जातो, याचा तो पुरावा. ते रसायन ॲसिटिलकोलीन, आपल्या दोन खाटांवरचं. मेंदूतली वीज माणसाच्या कवटीवरून पहिल्यांदा नोंदवली हान्स बेर्गरने. १९२९ साली त्याने ती प्रसिद्ध केली, आज ईईजी म्हणतात ते हेच. बेर्गर याच्या मागे का लागला? तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला वाटलं होतं की भाऊ संकटात आहे. त्याला मनातून मनात जाणारी लहर शोधायची होती. ती सापडली नाही, सापडली ती फिटच्या रुग्णांच्या उपयोगाची.

आणि नुकसान. १९३५ साली पोर्तुगालच्या मोनिझने मानसिक रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तोडायची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ साली त्याला नोबेलही मिळालं. हजारो माणसं शांत झाली, म्हणजे खरं तर विझली. माणसाला काय होतंय हे न विचारता थेट तारा कापल्या की असं होतं. दुसऱ्या बाजूचं पाप कमी दिसतं, पण माझ्या दवाखान्यात अजून जिवंत आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला काही मनोविश्लेषकांनी सांगितलं की स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनिया आईच्या थंड किंवा चुकीच्या वागण्याने होतात. मेंदूकडे न पाहता नुसत्या गोष्टी रचल्या की हे होतं. त्यांचं एक पानही न वाचलेली आपल्याकडची आई आजही विचारते, ‘साहेब, माझ्या हातून काय चुकलं?’ काही चुकलं नव्हतं बाई, हे मला किती वेळा सांगावं लागतं.

पुन्हा जवळ यायला सुरुवात झाली ती एका चुकीतूनच. अमेरिकेतल्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या फिट थांबवण्यासाठी १९५३ साली त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी काढला. फिट कमी झाल्या, पण नवं काही लक्षात राहीना. अभ्यासकांत तो ‘एच.एम.’ या नावाने ओळखला जातो. शस्त्रक्रिया करणाऱ्याला छिद्र कुठे पडलंय हे माहीत होतं. त्या छिद्राचा अर्थ लावला तो ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. आरशात पाहून चांदणी गिरवायचं साधं काम त्यांनी त्याला तीन दिवस दिलं. दर वेळी त्याला वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतोय, पण हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चालत होता. म्हणजे आठवण एक नसते. ‘काय झालं’ ती वेगळी आणि ‘कसं करायचं’ ती वेगळी. कागद, पेन्सिल आणि आरसा.

‘मानसशास्त्र उरणार नाही’ याला माझं उत्तर इथेच आहे. मेंदूतल्या कुठल्याही हालचालीला नाव देण्याआधी कुणीतरी माणसाकडे पाहून ठरवावं लागतं की ही भीती, ही आठवण, हे लक्ष. ते ठरवलंच नाही तर स्कॅनवर नुसते ठिपके उरतात. ‘न्यूरोसायन्स’, म्हणजे हेच मेंदूविज्ञान, हा शब्द रुळला तोच १९६२ नंतर, अमेरिकेत फ्रान्सिस श्मिटने भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि मानसशास्त्रवाल्यांना एका टेबलावर बसवलं तेव्हापासून. त्यांची मोठी संघटना १९६९ची. म्हणजे जे शास्त्र मानसशास्त्राला गिळणार म्हणतात, ते वयाने त्याच्यापेक्षा बरंच लहान आहे. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या पूर्ण नावात मानसिक आरोग्य आणि न्यूरोसायन्स दोन्ही आहेत, ते उगाच नाही.

जिवंत मेंदू काम करताना दाखवणारं एफएमआरआय १९९०नंतर आलं आणि सगळे हरखले. २००९ साली काही संशोधकांनी त्या यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि आकडेमोड निष्काळजीपणे केली तर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसते हे सिद्ध केलं. मानसशास्त्रवाल्यांनी हसू नये. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम छत्तीस टक्क्यांत पुन्हा ठोस निष्कर्ष मिळाला. मानसशास्त्रानेच स्वतःचं हे ऑडिट केलं, हे मात्र त्याच्या बाजूने लिहून ठेव.

माझ्या कामात दोन्ही कसे भेटतात, त्याचा आवडता दाखला १९९२चा. कॅलिफोर्नियात बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी मंत्रचळाचे रुग्ण घेतले, म्हणजे शंभरदा हात धुणारे, कुलूप तपासणारे. काहींना गोळी, काहींना नुसती वर्तन उपचारपद्धती. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूच्या एकाच भागातली वाढलेली धावपळ दोन्ही वाटांनी कमी झालेली दिसली. बोलून आणि सराव करून मेंदू बदलतो. आणि ‘मेंदूतलं केमिकल कमी झालं, गोळीने भरून निघेल’ असं मीही पूर्वी सोपं करून सांगायचो, आता सांगत नाही. नैराश्याची गोळी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काही तासांतच काम सुरू करते, माणसाला बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात. टाकीत पाणी भरण्याइतकं सोपं असतं तर तसं झालं नसतं.

तुझ्या शिक्षणाचं थोडक्यात. रुग्णांवर उपचार करणारी चिकित्सक मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. नुसत्या एम.ए.वर पाटी लावणारे आपल्या जिल्ह्यांत आहेत, त्यांच्यात जाऊ नकोस. प्रयोगशाळेत पेशी पाहायच्या असतील तर कला शाखेतून वाट अवघड आहे, जीवशास्त्र लागतं. मधली वाट म्हणजे संज्ञानविज्ञान (कॉग्निटिव्ह सायन्स), म्हणजे विचार, आठवण, लक्ष यांचा अभ्यास. ते अलाहाबाद विद्यापीठात आणि गांधीनगरच्या आयआयटीत शिकवतात. संख्याशास्त्र आतापासून नीट कर, दोन्हीकडे तेच लागतं. आणि दुसऱ्या खाटेवरच्या माणसासारखं कुणी घरात, गावात दिसलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट क्रमांक दे.

आता आजी. तिला वेड लागलेलं नाही, हे काकांना आजच सांग. उजव्या अंगाचा लकवा म्हणजे मार मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि बहुतेकांची वाचा तिथेच असते. तू लिहिलंस त्यावरून ती लबोर्न्यच्या जातीची वाटते: समजतं, बोलता येत नाही. त्याची शिवी शाबूत होती, हिच्या ओव्या शाबूत आहेत. आयुष्यभर घोटलेलं आणि चालीत बसलेलं बोलणं वेगळ्या वाटेनेही बाहेर पडतं, त्यात उजव्या बाजूचा हात मोठा. म्हणून ओव्या म्हणते तेव्हा ‘हिला येतं, मुद्दाम बोलत नाही’ असं कुणी म्हणू नये. मुद्दाम नाही ते.

दोन्हीकडे ने, पण क्रमाने. आधी न्यूरो किंवा फिजिशियन: रक्तदाब, साखर, रक्त पातळ ठेवणारी गोळी. ती गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. मग स्पीच थेरपिस्ट. वाचा परत यायचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, तुमचे चार गेले, म्हणून पुढच्या महिन्यावर टाकू नका. तिसरी पायरी माझ्यासारख्याची. लकव्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि जिला बोलताच येत नाही ती सांगणार कशी? पहाटे तीन-चारला उठून बसते का, जेवण सुटलंय का, व्यायामाला हात झिडकारते का, हे लिहून ठेव. तेच तिचं बोलणं.

घरी एवढं कर. पाहुण्यांसमोर ‘आजी, माझं नाव सांग’ अशी परीक्षा घेऊ नका. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा, आणि ‘हां ना’ म्हणाली तरी मान आणि डोळे पाहून खात्री करा. हे रुग्ण हो म्हणायचं असताना नाही म्हणून जातात. रोज तिच्याबरोबर बसून एक ओवी म्हण, तिच्या डाव्या हातावर ताल धरून. मग त्याच चालीत ‘पानी दे’, ‘भूक लागनी’ असे दोन-दोन शब्द घाल. हळूहळू चाल कमी करत जायची. १९७३ साली बॉस्टनमध्ये याच कल्पनेवर एक उपचारपद्धती बांधली गेली. सगळ्यांना ती लागू पडते असं नाही, पण ओव्या एवढ्या स्वच्छ येतात म्हणजे करून पाहण्यासारखं नक्की आहे.

येताना डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचं पाकीट दोन्ही आण. आजीचा चष्मा विसरू नकोस, चित्रं दाखवून विचारावं लागतं.